लिंब दिसला पाहिजे

होडीत बसून आम्ही भुईमुगाच्या शेंगा खायचो. माझा नवरा अनंत टरफलं पाण्यात न टाकता माझ्या ओंजळीत टाकायचा. काठ जवळ आला की म्हणायचा, "पाय आखडून घे, आपलं अंगण आलं." त्याचं गाव मांजरा धरणात गेलेलं; खाली खरंच अंगण होतं. मी दर वेळी हसायचे आणि दर वेळी पाय आखडून घ्यायचे.

अनंत गेल्यावर, होडी लागते त्या काठावर त्याच्या नावानं दगडी पायऱ्या आणि पत्र्याचा निवारा बांधायचं मी ठरवलं. भाचा मंदारनं नकाशा काढला, सामानही येऊन पडलं. पण अशा जागी बांधकामासाठी अर्ज केला की आधी होड्यांना धोका नाही ना, हे तपासतात. त्या पाहणीसाठी मी गेल्या आठवड्यात निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर अंबाजोगाईहून केजपर्यंत एसटी, पुढे जीप. शेवटचा रस्ता खडीचा आहे, कंबर सांभाळा. केजच्या स्टँडबाहेर गरम भजी मिळतात. होडी फक्त दिवसाउजेडी चालते आणि सुटे पैसे लागतात.

होडीवाले रखमाजी अनंतचे बालमित्र. "वहिनी, लई वाळलात," एवढंच म्हणाले आणि हात देऊन मला आत घेतलं. तपासणीच्या अभियंताबाई आधीच बसल्या होत्या. शेळी घेऊन बसलेल्या गोदामावशींनी त्यांना विचारलं, "माज्या शेळीला बी अर्ज करावा लागंल का, बाई?"

"तिला पोहता येत असेल तर नको," बाई म्हणाल्या. सगळे हसले.

मग बाईंनी कामाचं विचारलं. रखमाजींनी सांगितलं, काठाजवळ पाणी उथळ आणि खाली बुडालेल्या घरांच्या भिंती. काठावरचा लिंब आणि टेकडीवरचं मारुतीचं शिखर एका रेषेत धरलं की होडी जुन्या गल्लीवरून नीट आत येते.

"निवारा झाल्यावर लिंब दिसेल?"

रखमाजींनी माझ्याकडे पाहिलं. "दिसंल की."

बाईंनी काठावर थांबलेल्या आपल्या दोन माणसांना फोन केला. निवाऱ्याच्या ठरल्या जागी, ठरल्या उंचीवर त्यांनी बांबूंना घोंगडी ताणून धरली. लिंब नाहीसा झाला. रखमाजी अंदाजानं वल्हवत राहिले. थोड्याच वेळात होडीच्या तळाला खालून काहीतरी करकरत घासलं. शेळी ओरडली, होडी कलंडता कलंडता सावरली.

मी पाय आखडून घेतले होते.

"तुमच्याच घराचा कोपरा हाय ह्यो," रखमाजी हळू म्हणाले. "बाई, म्या खोटं बोललो. अनंताचं नाव व्हावं म्हनून."

"अर्ज मी मागे घेते," मी म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि मला पाणी दिलं.

घरी येऊन चार दिवस झाले. जेवताना अजून ती करकर ऐकू येते. इतक्या वर्षांत त्या घराला माझा एवढाच स्पर्श झाला.

मंदार, तू हे वाचशीलच. पायऱ्यांचे दगड शाळेला दे, मुलांना बसायला होतील. पत्रे गोदामावशींच्या गोठ्यावर घाल. चुन्याची पोती रखमाजींना. लिंबाचं खोड दर वर्षी पांढरं करायला सांग, लांबून दिसलं पाहिजे. नावाची पाटी मला आणून दे. आणि शेंगांची एक पिशवी होडीत ठेव, बसेल त्याच्यासाठी. टरफलं पाण्यात टाकायची नाहीत, एवढं सांग.