माझ्या हातचं पाणी

शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडता सोडता सासरेबुवा निवृत्त झाले. इकडे सुनेने काचेच्या टाकीत माती पसरून, चिमट्याने एकेक रोप रोवून बाग उभी केली आणि मासे आणले.

"बाबा, क्लोरीन उडून जायला नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवायला हवं ना?"

"नळाला नावं ठेवू नकोस. सगळं शहर इतकी वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायलं. कुणी दगावलं नाही."

आणि त्यांनी स्वतः टाकीत नळाचं पाणी भरून मासे सोडले. शहर दगावलं नव्हतं हे खरं. पण शहर कल्ल्यांनी श्वास घेत नव्हतं. क्लोरीनने कल्ले भाजतात, हे त्यांना पाठ होतं. अभिमानापुढे ते आठवलं नाही, इतकंच. संध्याकाळी सगळे मासे उताणे तरंगत होते. रोपं तेवढी टवटवीत.

शेजारीण डोकावली. "अगंबाई, कशाने गेले गं?"

सासरेबुवांनी घसा खाकरला. खरं सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात सून म्हणाली, "दुकानातूनच आजारी आले होते, काकू."

"हो ना," सासरेबुवा म्हणाले. "हल्ली दुकानदारांवर भरवसा उरला नाही."

शेजारीण गेली. सुनेने चार शब्द सुनावले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "चहा ठेवू, बाबा?"

त्यांनी टाकीकडे बघतच मान हलवली.