बॉम्बला वन्समोर

आमच्याकडे धान मळून घरात आले की दिवसा शंकरपट आणि रात्रभर नाटक असते. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. तिच्यासाठी वैनगंगेच्या दोन्ही काठांवरून पाहुणे येतात, नात्यागोत्यात उतरतात, बैल पाहतात, नाटक पाहतात आणि जमल्यास एखादे स्थळही पाहून जातात. मी लिहिते आहे ते वर्ष पन्नासनंतरचे, चंद्रपूरला अजून चांदा म्हणत तेव्हाचे. त्या वर्षी पाहुणे आमच्या घरी येणार होते आणि पाहायचे होते माझ्या थोरल्या भावाला.

मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. गावात कोणाच्या घरी कंदील आहे, कोणाकडे सतरंजी आहे आणि कोणाची सतरंजी मागू नये, हे मला पाठ होते. म्हणून नाटकाचे सामान दरवर्षी माझ्याकडे येई. बाईने रंगमंचावर चढायचे नाही असा तेव्हा नियम होता; बायकांची कामे मिशा काढून पुरुषच करत. रंगमंचासाठी घरोघर हिंडायला मात्र बाई चालत असे.

भाऊ लढाईत ब्रह्मदेशात होता, फौजेचे ट्रक चालवायला. परत आल्यावर तो आलापल्लीच्या जंगलातून लाकूड वाहू लागला. घरात कोणी लढाईचा विषय काढला की तो भांडायचा नाही. मुकाट जेवण संपवायचा, सकाळी ट्रक घेऊन जंगलात जायचा आणि मग कित्येक महिने तोंड दाखवायचा नाही. मायच्या हातची आधीची दोन्ही स्थळे अशीच गेली होती. मुलीकडचे दारात आणि नवरामुलगा जंगलात. वय वाढत होते. हे तिसरे स्थळ गेले तर चौथे येणार नाही, हे मायला आणि मला दोघींनाही माहीत होते.

आणि नेमके त्याच वर्षी आमच्या पेटीमास्तरांनी ब्रह्मदेशातल्या लढाईवर नाटक लिहिले. ते पेटी वाजवत, नाटक लिहीत, बसवत आणि सेनापतीचे कामही स्वतःच करत. शेवटी जपानवर बॉम्ब पडतो आणि नाटक संपते. बॉम्बसाठी त्यांनी पत्र्याची चादर आणि राळ मागितली. राळ म्हणजे झाडाचा सुकलेला चीक, आमच्या जंगलातलाच. तिची पूड मूठभर पेटत्या मशालीवर फेकली की भडका पार छताला जातो. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राक्षस मरतो तेव्हा हीच युक्ती करतात.

गावाला त्या बॉम्बचे कौतुक का होते, तेही सांगते. लढाईच्या वर्षांत आमचा आठवडी बाजार नुसता नावाला भरे. रॉकेल नाही, सूत नाही, कापड नाही. मायला आणि मला मिळून बाहेर जाण्याजोगे एकच लुगडे होते. एक बाजारात गेली की दुसरी घरात बसे. धान पिकवणाऱ्या गावात लोक कण्या शिजवून खात. मग बातमी आली की बॉम्ब पडला, लढाई संपली. हळूहळू कापड आले, माणसे आली. लोकांनी एकापुढे एक गोष्ट लावून ठेवली: बॉम्ब, मग लुगडे, मग माझा भाऊ. मीही तशीच लावली होती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी खळ्यावर तालीम होती. अर्धे गाव बघायला बसले होते. मांडवासाठी मी भावाच्या ट्रकवरची ताडपत्री मागितली होती. ती टाकायला तो आला आणि कडेला उभा राहिला. नाटकाचा विषय मी त्याच्या कानावर जाऊ दिला नव्हता. शेवटचा प्रवेश लागला. पत्रा धडाडला, राळेचा भडका उडाला आणि लोक ओरडले, "वन्समोर!"

आमच्या भागात वन्समोर आला की द्यावाच लागतो. गाणे असो, मरण असो, पुन्हा करायचे. मास्तरांनी खूण केली आणि बॉम्ब पुन्हा पडला.

भाऊ पुढे आला. "मास्तर, दुसऱ्यांदा काऊन टाकला?"

"लोकायनं मागितला ना गा! नाई देला त कंपनीचं नाक राह्यते का?"

"तिकडंबी दोनदाच टाकला. मधात तीन दिवस गेले. तिथी कोनं मागितला होता वन्समोर?"

 मग मागून एक म्हातारा म्हणाला, "अगा, पन त्याच्यानंच तर तू घरी आला!"

"हो," भाऊ म्हणाला, "त्याच्यानंच आलो." आणि तो निघून गेला.

घरी माय चुलीपुढे बसली होती. तिच्या कानावर गोष्ट माझ्याआधीच पोचली होती. "गेला वं बाई तो आता. उद्या पाहुणे येऊन राह्यले, त्यायले काय तुह्या सतरंज्या दाखवू?"

मी नदीवर गेले. ट्रक काठावर होता. भाऊ तो धूत होता, म्हणजे सकाळी निघायच्या बेतात होता. मी पदर खोचला, दुसरी बादली घेतली आणि विचारले, "चाल्ला?"

"हो."

"मायले काय सांगू?"

त्याने चाकाचा चिखल घासला. मग बोलला, इतकी वर्षे न बोललेले एकदम बोलला. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी त्यांच्या तुकडीतले सगळे नाचले. तोही नाचला. पुढे रस्त्यात एका गावाजवळ एका बाईने त्याचा ट्रक थांबवला. तिच्याजवळ जपान्यांनी छापलेल्या नोटांचे गाठोडे होते. जपान हरताच त्या नोटा रद्दी झाल्या होत्या; लोक त्यांनी विड्या पेटवत. ती म्हणाली, हे सगळे घे आणि मूठभर मीठ दे. त्याने मीठ दिले, नोटा घेतल्या नाहीत. ती तरी गाठोडे ट्रकमध्ये टाकून गेली.

"ते गाव बॉम्बनं नाई मेलं, बाई. बाजार मेला तिथला. अन् त्या दोन शहरातबी अशाच बाया असतीन ना, मीठ मांगनाऱ्या? मी जगलो हे मले वाईट वाटत नाई. कायले खोटं बोलू? पन त्याच्यावर टाळी वाजवनं मले जमत नाई."

  मला फक्त सामानाचे सुचले.

"राळ माझ्याकडं आहे," मी म्हणाले. "ती मी तुह्या हाती देते. मशालीजवळ तू उभा राह्य. किती वेळा टाकायची ते तू ठरव."

"मास्तर मानन का?"

"मास्तरले मी पाह्यते. तुह्या ताडपत्रीशिवाय मांडव कुठी आहे त्याचा?"

मास्तरांनी थोडी कुरकुर केली. "वन्समोर नाई देला त लोकं खांब उपटतीन वं बाई!" मी म्हणाले, खांबही मीच आणलेत, मोजून परत घेईन. ते हसले आणि कबूल झाले. सकाळी ट्रक जागेवरच होता. माय तो पाहायला तीनदा अंगणात आली.

पाहुणे आले. मुलीचे वडील चांगले जाडजूड, मोकळ्या तोंडाचे होते. ते पट पाहून नाटकाला पुढच्या ओळीत बसले. आमच्याकडे नाटक संपता संपता तांबडे फुटते. त्या उजेडात मी बायकांच्या बाजूने पाहत होते: मशाल, तिच्यामागे भाऊ, हातात राळेचा डबा. माझ्या शेजारी मायने माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे दोन दिवस वळ राहिला.

पत्रा वाजला. भावाने मूठ टाकली. भडका उडाला आणि मांडव उठला, "वन्समोर! वन्समोर!"

मास्तरांनी सवयीने वळून पाहिले. भाऊ डबा घेऊन पुढे आला आणि सगळ्यांसमोर त्याने तो उपडा केला. काही पडले नाही.

"राळ संपली," तो मोठ्याने म्हणाला. "एकदाच होती. उठा आता, बैलं भुकेले हायेत!"

क्षणभर मला वाटले की खांब जातात. मग कोणीतरी खो खो हसले, मग दुसरे, आणि लोक घोंगड्या झटकून उठले. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि भैरवी धरली.

मुलीचे वडील मायजवळ आले. "हाच का तुमचा पोरगा? आमाले कोनीतरी सांगतलं होतं, मुका आहे म्हनून. हा त साऱ्या मांडवाले घरी धाडते!"

माय तोंडाला पदर लावून हसली. किती वर्षांनी, ते मला आठवेना. चहा ठेवायला मी आधी पळाले.

दुसऱ्या दिवशी सामान परत करताना ताडपत्रीच्या घडीत राळेची पुरचुंडी सापडली, चांगली भरलेली. भावाला विचारले नाही. तशीच फडताळात ठेवून दिली. पुढे वहिनीला मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत धुरी द्यायला ती उपयोगी पडली. निखाऱ्यावर चिमूटभर टाकली की पांढरा धूर वर जाई. भाऊ दाराशी उभा राहून बघे आणि म्हणे, "जरा कमी टाक वं बाई, पोरगी खोकलून राह्यली."