पंख्याचं विमान आणि दुसरा चहा

मला पाहायला येणारा मुलगा नौदलात विमानांवर मेकॅनिक आहे, एवढंच कळलं होतं. तेवढ्यावर मी आमच्या दिघाशी गावभर सांगत सुटले की माझा होणारा नवरा जेटवाला. जेट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलेलं मिरवण्यात मी तेव्हा भारी हुशार होते.

पाहुणे पूर्ण्याहून आले. बाबांनी पोहे पुढे करता करता विचारलं, "जेटवर ना?"

"न्हाय," मुलगा म्हणाला. "पुढं पंखा असतो ना, तसलं जुनं लढाऊ विमान हाय. बोटीवर उतरायचं. आता उडत न्हाय. शिकाऊ पोरांसाठी शेडमध्ये ठेवलंय, त्याचं इंजिन मी बघतो."

दाराआडून मामी कुजबुजली, "पंखा मिळाला गं. उकाड्याची सोय झाली तुझी."

"आणि ते भंगारात काढलं तर?" बाबा.

"काढतीलच. मग मला जेट शिकावं लागंल. जमलं तर ठीक, न्हायतर नोकरीचं काय सांगू शकत न्हाय."

त्याच्या काकांनी त्याला कोपरानं ढोसलं. मी खाली मान घालून बसायचं, तर विचारून बसले, "एवढं विमान बोटीत मावतं कसं?"

त्यानं बशी खाली ठेवली, दोन्ही हात पसरले आणि मागे अंगालगत घेतले. "असे पंख मिटतात." हुबेहूब खुराड्यात शिरणारी कोंबडी.

बाबा म्हणाले, "विचार करून कळवतो." आमच्या घरात नकार तोंडावर देत नसत. पसंती असली की घरधनी दुसरा चहा सांगायचा. नसली की पहिल्यावरच निरोप. बाबांनी दुसरा चहा सांगितला नाही. पाहुणे टोप्या सारख्या करू लागले.

मी आत गेले आणि कुणाला न विचारता आधण ठेवलं. नातवंडांना मी सांगते, नोकरी जाईल हे आपणहून सांगणारा माणूस मला तिथेच कळला. कळला असेलही. पण चुलीपुढे मला ते मिटलेले हात आठवून हसू फुटत होतं, आणि ते पुन्हा बघायचे होते, हे मी नातवंडांना सांगत नाही.

कप बाहेर नेले तसे पाहुण्यांचे टोप्यांवरचे हात खाली आले. बाबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घालत माझ्याकडे बघत राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "हिच्या हातचा चहा जरा जास्तच गोड असतो. सवय करून घ्यावी लागंल."