दोन बोटं ढील

गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावली की शिंपी एकच वाक्य बोलायचा, "श्वास सोडा, पोट आवळू नका." तीस वर्षं त्याने हे लोकांना ऐकवलं. पहाटेच्या योगवर्गात मात्र बाई हेच वाक्य त्याला ऐकवत.

अकरा वर्षं तो नौली शिकत होता. रिकाम्या पोटी गुडघे वाकवून उभं राहायचं, सगळा श्वास बाहेर टाकायचा, पोट पाठीला लागेस्तोवर आत ओढायचं आणि मधला स्नायू दांड्यासारखा पुढे काढायचा. त्याने कोठा साफ राहतो आणि हळूहळू मनही निवळतं, असं बाईंचं म्हणणं. शिंप्याचा कोठा साफ होता. दांडा काही उभा राहिला नव्हता.

साडूला वर्गात आणलं तेही त्यानेच. साडू लिफ्ट दुरुस्त करायचा. खाण्यापिण्याचे हाल, पोटाची कायम तक्रार. चौथ्याच महिन्यात त्याच्या पोटावर दांडा उभा राहिला आणि डावीउजवीकडे फिरूही लागला. बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. शिंप्याच्या वाट्याला अकरा वर्षांत एक टाळी आली नव्हती.

त्यातच बाई तीन महिने लेकीकडे निघाल्या. पुढच्या चटईवरून वर्ग कुणी घ्यायचा, हे रविवारी नौली पाहून ठरणार होतं. ती चटई शिंप्याने मनोमन कधीच आपली धरली होती.

शुक्रवारी साडू विजार घेऊन दुकानात आला. "दादा, कमरेत ढिली होतेय. इलॅस्टिक कमी करून द्या ना."

कंबर चार बोटं उतरली होती. साडू गेल्यावर शिंप्याने इलॅस्टिक दोनच बोटं कापलं.

"ढिलं राहील हो ते," काजं करता करता बायको म्हणाली.

"सुटलेलं पोट परत येतंच."

"तुमच्या पोटात दुखतंय ना, ते नौलीनं जायचं नाही."

रविवारी आधी शिंप्याची पाळी. त्याचा एक डोळा साडूवर. पोट नुसतंच थरथरलं. मग साडू वाकला, श्वास सोडला, पोट आत गेलं आणि विजार सरळ गुडघ्यावर आली. आत चड्डी होती म्हणून निभावलं. हशा पिकला. साडूही हसला, विजार ओढून एका हाताने धरली, दुसरा मांडीवर टेकला आणि तशातच दांडा गरागरा फिरवून दाखवला.

"कुणी शिवली हो ही?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"आमच्या दादांनी. त्यांचं माप चुकत नाही, बाई. माझंच पोट उतरतंय रोजच्या रोज."

तो हे मनापासून बोलत होता. हशापेक्षा शिंप्याला तेच झोंबलं. चटई साडूला मिळाली.

संध्याकाळी शिंप्याने विजार मागवून घेतली, कंबर उसवली आणि राहिलेली दोन बोटं कापली. टाके असे घातले, की शोधून सापडू नयेत.

सोमवारी साडू पुढच्या चटईवर उभा राहिला. विजार कमरेला अगदी चोख बसली होती.

"श्वास सोडा," साडू म्हणाला. मग हळूच, "दादा, माझ्याकडे नका बघू. आपल्या पोटाकडे बघा."

शिंप्याने मान खाली घातली. श्वास अर्धाच सुटला.