आधीच सांगून ठेवणारी

अजून न झालेल्या जखमेचं कारण कुणी आधीच सांगून ठेवतं का?

ती ठेवायची. धाड गावाजवळ बीटी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर आम्ही चार मुली शाळा बुडवून कामाला जायचो. दुपारी उद्याच्या कळ्या सोलून त्यांवर लाल कागद चढवायचा, सकाळी तो काढून पराग लावायचा. ती चौदाची, माझ्या शेजारच्या ओळीत.

एका सकाळी कळीवरची नजर न काढता ती म्हणाली, "मी न्हाणीत पडली."

"कवा वं?" तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचा डोळा सुजलेला होता.

"भाऊ जेवताना बोलला नाही की मले समजते, आज मार हाय," ती सांगायची.

"हवामान खात्यापेक्षा पक्की हायेस!" आम्ही हसायचो. जबडा धरून तीही हसायची.

भाऊ सतराचा. भरदिवसा भिंतीला कान लावून बसायचा, "भिंतीच्या मधात कोण बोलते?" विचारायचा. त्यांची आई म्हणायची, "बहीण-भावाचं चालतेच. वयच हाय त्याचं." गाव मान डोलवायचं. या एका वाक्यानं दोन लेकरं मोडली. तेव्हा मीही मान डोलावली होती.

मग तिचं डोकं फुटलं. आम्ही तिघींनी आणि आईनं तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी आईला बाहेर बसवून विचारलं, "कुणी मारलं?"

ती पहिल्यांदाच गप्प राहिली. आमच्याकडे बघत राहिली. आता आम्ही सांगू, असं तिला वाटलं असणार.

"न्हाणीत पडली, मॅडम," आम्ही तिघी एकदम बोललो. आवाज मात्र तिचा वाटला.

टाके घालून तिला घरी धाडलं. आठवड्यानं तिची ओळ रिकामी.

"सोनाळ्याले मामाकडं गेली," आई म्हणाली.

मी एसट्या बदलत सोनाळ्याला गेले. मामा दारातच चक्रावला. "इकडं? इकडं कोणीच नाही आलं, बाई."

परतून तिच्या घरी गेले तर भाऊ भिंतीपाशीच होता. मी तिचं नाव घेताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. ती मधातून ऐकून राह्यली."

त्याच दिवशी मी पोलिसांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ते घर पाहिलं, विहिरी पाहिल्या. ती अजून सापडलेली नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या गल्लीत भावंडाला असं मारणारं पोर असेल, तर मार खाणाऱ्याला आज आपल्या घरी जेवायला, झोपायला आणा. आणि मारणाऱ्याचा हात धरून त्याला मनाच्या डॉक्टरकडे न्या. त्याच्या आईची परवानगी वाटेत मागा.