बॉनेटखालची मोकळी जागा

अप्पांची नजर कडेकडेनं गेली. आधी बाजूनं येणारी सायकल त्यांना दिसेनाशी झाली, मग जिन्याची पायरी, मग ताटाच्या कडेला वाढलेली शेंगाचटणी. डोळ्यांतला दाब वाढलाय, गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेवढं सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरला होता मधोमध एक लहान गोल. त्या गोलात माझा चेहरा नीट बसावा म्हणून ते मान किंचित हलवून माझ्याकडे बघायचे. कुठल्याशा लांबच्या खिडकीतून कोणी आपल्याला शोधतंय, असं मला तेव्हा वाटायचं.

ते हुबळीतल्या एका गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. नजर कमी झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. मी तोवर प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते. घरात आम्ही तिघंच, आई, अप्पा आणि मी. आणि अंगणातल्या पत्र्याखाली ती राखाडी, गोल नाकाची, जुनी विलायती गाडी. देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतली, तेव्हा अप्पांनी त्यांच्या नव्या घराचं सगळं वायरिंग करून दिलं आणि बदल्यात ही जुनी घेतली. आमच्या गल्लीत गाडी असलेलं घर आमचं एकच, आणि ती सहसा चालायची नाही हेही सगळ्या गल्लीला माहीत होतं.

चालायची नाही, कारण अप्पा तिला सतत काहीतरी जोडत असायचे. पेट्रोल महागलं तेव्हा त्यांनी पेट्रोलवर सुरू होऊन मग रॉकेलवर धावायची सोय केली. त्यासाठी बॉनेटखाली एक छोटी टाकी आणि धुराच्या नळाला वेटोळे घालून नेलेली तांब्याची नळी बसवली. रेडिओसाठी दुसरी बॅटरी आली. तीन सुरांचा हॉर्न आला, त्याचा पंप आला. पेट्रोल गाळायला एक काचेची वाटी, आणि ती पुरेशी वाटली नाही म्हणून पुढं आणखी एक. सगळ्यात लाडकी होती ती उलटी टांगलेली सलाईनची बाटली. तिच्यातून पाण्याचा बारीक थेंब इंजिनाच्या श्वासात जायचा आणि त्यामुळे गाडी कमी पेट्रोलवर जास्त पळते, असं अप्पांनी निम्म्या गिरणीला पटवून दिलं होतं.

आईचं माहेर कलघटगीच्या पलीकडं, भातशेतीच्या गावात. दरवर्षी सुगीला अप्पा आम्हाला त्या गाडीतून तिकडं न्यायचे. वाटेत दोनदा-तीनदा उतरून बॉनेटात डोकं घालायचे, फुंकायचे, पिळायचे, आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. डोळे अधू झाल्यावर जाणं थांबलं. आईनं कधी विषय काढला नाही. फक्त सुगीच्या दिवसांत ती संध्याकाळी अंगणात येऊन गाडीवरचं फडकं उगीच सारखं करायची.

गाडी चालवायला अप्पांनीच मला शिकवलं होतं. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी ठरवलं, आईला मी घेऊन जाईन. बॉनेट उघडलं आणि बघत राहिले. आत इंजिन होतं म्हणे. मला दिसल्या त्या फक्त वायरी, नळ्या, पट्ट्या, एकात एक गुंतलेल्या, वरून धूळ आणि कोळिष्टकं. कमरीपेठेतल्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, हसले आणि कानडीत म्हणाले की हे इंजिन कारखान्यातलं नाही, तुमच्या अप्पांचं आहे. मी एक वायर ओढली तर कुठला दिवा लागेल ते देवाला ठाऊक, असंही ते म्हणाले. चहा पिऊन ते गेले.

अप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. मेस्त्री गेल्यावर ते भिंतीला हात लावत गाडीपाशी आले आणि दोन्ही तळवे त्या गुंत्यावर ठेवून उभे राहिले.

"हे सगळं माझ्या डोक्यात होतं म्हणून चालत होतं," ते म्हणाले. "आता तुझ्या डोक्यात मावेल एवढंच ठेवू."

ती सुट्टी मला अजून एका लांबलेल्या दुपारीसारखी आठवते. हुबळीचं ते कार्तिकातलं ऊन, पिवळं आणि मऊ. पत्र्याच्या भोकांतून त्याचे कवडसे इंजिनावर पडायचे आणि हळूहळू सरकायचे. कुठं तरी पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज यायचा. अप्पा स्टुलावर बसून एकेक वस्तू बोटांनी चाचपायचे, ती कुठून येते नि कुठं जाते ते सांगायचे, आणि मग कानडीत विचारायचे, बेकु का बेडा, हवं की नको. निकाल मी द्यायचा. मी बेडा म्हटलं की पाना माझ्या हातात यायचा.

पहिल्यांदा हॉर्न गेला. मग दुसरी बॅटरी, तिच्याबरोबर वायरींचा मोठा जुडगा. प्रत्येक वायर सोडवताना अप्पा तिचं मूळ सांगायचे. ही गिरणीतल्या जुन्या पंख्याची. ही तू तापानं आजारी होतीस तेव्हा बसवली, रात्रभर झोप नव्हती, काहीतरी करत राहावं म्हणून. मी खाली वाकून नट सोडवत ऐकायची. लहानपणी मला वाटायचं, अप्पांना आमच्यापेक्षा गाडीचं वेड जास्त. आता कळत होतं की घरात काही झालं की ते इथं येऊन बसत आणि एक नळी वाढवत. आजी गेली त्या आठवड्यात दुसरी काचेची वाटी बसली होती. आईशी मोठं भांडण झालं तेव्हा रॉकेलची टाकी.

तांब्याची नळी निघाली तेव्हा आईनं ती चिंचेनं घासली. उन्हात ठेवल्यावर ती अशी चमकली, की अप्पांनी मान हलवत हलवत तिला आपल्या गोलात पकडलं आणि खुदकन हसले. काढलेल्या वस्तूंचा ढीग ओट्यावर वाढत गेला. बॉनेटखाली हात आत जायला लागला. मग दंड. एका दुपारी मी वरून बघितलं तर इंजिनाच्या बाजूनं खालची जमीन दिसली, तिच्यावर उन्हाची एक पट्टी, आणि तिच्यातून चाललेली मुंग्यांची रांग. मी अप्पांना ते सांगितलं. ते म्हणाले, जमीन दिसायला लागली, म्हणजे आता बरं आहे.

राहिली होती सलाईनची बाटली. बेकु का बेडा, हे त्यांनी तिच्याबद्दल विचारलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच तिची रबरी नळी उपटली, बाटली मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं काच पुसत राहिले.

"हिच्यानं फरक पडत होता की नाही, मलाच कधी नक्की कळलं नाही," ते म्हणाले. मग बाटली आईकडे दिली.

सगळं जोडून मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण ओढला की हवा कमी करणारा चोक परत आत ढकलला की खोकायची आणि बंद पडायची. पुन्हा, पुन्हा तेच. अप्पांनी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून बघितले, प्लग काढायला लावले, पेट्रोल येतंय का बघायला लावलं. सगळं ठीक होतं. त्यांचा चेहरा उतरत गेला. इतकी वर्षं ज्या इंजिनाशी ते बोलत आले होते, त्यानं जणू त्यांना ओळख द्यायचं नाकारलं होतं. ते स्टुलावर जाऊन बसले आणि म्हणाले, उद्या मेस्त्रींना बोलाव.

मी आईला आत बसवून चोक ओढून धरायला सांगितलं, आणि इंजिन धडधडत असताना त्याच्यावरून हात फिरवत गेले, पंख्यापासून जपून. आता तिथं हात फिरवायला जागा होती. कार्बोरेटरच्या खाली, मागच्या बाजूला, माझ्या बोटाचं टोक एकदम आत ओढलं गेलं. लहान बाळ बोट चोखतं तसं. मी बोट तसंच दाबून धरलं आणि आईला म्हटलं, चोक आत ढकल.

गाडी बंद पडली नाही. शांत, एका लयीत चालत राहिली.

बाटलीची नळी जिथं जोडलेली होती ते तोंड उघडं राहिलं होतं. तिथून जास्तीची हवा आत शिरत होती. अप्पा उठून आले. माझ्या दंडावरून, मनगटावरून त्यांचा हात खाली सरकत माझ्या बोटापर्यंत पोचला आणि थांबला. त्यांना समजलं. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो, माझं बोट त्या भोकावर आणि त्यांचं माझ्या बोटावर, आणि खाली ते इंजिन झोपलेल्या माणसासारखं श्वास घेत होतं.

"हे मला सापडलं नसतं," ते म्हणाले. "आता गाडी तुझी."

त्या तोंडात त्यांनी रबराचं बूच बसवलं आणि वरून क्लिप आवळली. मी नको म्हटलं नाही; ती गाडीला त्यांनी जोडलेली शेवटची वस्तू.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही निघालो. शहर मागं पडलं आणि कलघटगीच्या रस्त्याला धुकं लागलं. दिवे लावूनही पुढची थोडी वाट तेवढी दिसायची, बाकी दोन्ही बाजूला पांढरं. आई मागं बसली होती, तिनं काच खाली केली होती, आणि ओल्या पेंढ्याचा वास आत येत होता. अप्पा माझ्या शेजारी. मी म्हटलं, अप्पा, मला नुसतं समोरचं दिसतंय, कडेचं काही नाही. ते म्हणाले, तेवढ्यावर चालवता येतं, फक्त घाई करायची नाही. मग रस्ता कुठं वळतो, कुठं मोरी येते, कुठल्या झाडानंतर उतार लागतो, हे ते आठवणीतून सांगत राहिले. ते जे जे सांगायचे ते ते धुक्यातून वर यायचं.

कलघटगीच्या आधी चढ लागला. मी गिअर बदलला, इंजिनानं जराही कुरकुर केली नाही. मी अप्पांकडे बघितलं. त्यांची मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं. त्या गाडीत त्यांना झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई मागून पुढं वाकली, त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, आणि हळूच म्हणाली, "खड्डे जरा चुकव."