करवंटीतला मळ

"आधी उघडू, मग बोलू."

कोपरीत दामाजी भोईरच्या दुकानात सायकल टेकवून कुणी विचारलं, "ओव्हरऑईलचे किती घेणार?" तर एवढंच उत्तर मिळायचं. गिऱ्हाईक नवं असलं तर ते पुन्हा विचारायचं. दामाजी पुन्हा तेच म्हणायचा, आणि तोवर त्याचा पान्हा मागच्या चाकाच्या नटाला लागलेला असायचा.

दुकान म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, भेंडीच्या जुन्या, उंच झाडाखाली उभी केलेली पत्र्याची टपरी. पुढे गोणपाट अंथरलेलं, त्यावर रॉकेल भरलेली बशी आणि बशीत बुडालेले बेअरिंगचे छर्रे. खाडीकडून वारा सुटला की रॉकेलचा आणि चिखलाचा वास एकत्र होऊन यायचा. मी बाळकुमचा. कामाला ठाण्यात यायचो, आणि परत जाताना काही काम नसलं तरी तिथल्या बाकड्यावर टेकायचो. मला त्या करवंटीचं कुतूहल होतं.

नारळाची एक अर्धी करवंटी, आतून घासून गुळगुळीत केलेली. सायकल खोलली की चाकाच्या हबमधलं, पायडलमधलं, चेनवरचं जुनं काळं वंगण दामाजी एका चपट्या चमच्यानं खरवडायचा आणि त्या करवंटीत जमवायचा. काम संपलं की करवंटी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरायचा. तळाला जेमतेम मळ असला तर दहा रुपये. निम्मी भरली तर पंधरा. काठाला लागली तर वीसच्या वर. काम एकच, ओव्हरऑईल, म्हणजे खोलून साफ करून नवं वंगण भरायचं. पण एकाला दहा पडायचे आणि दुसऱ्याला बावीस.

ही रीत त्यानं आणली कुठून, हे कळायला मला बरेच दिवस लागले. त्याचा बाप मिठागरात राबलेला. तिथं मजुरी मापानं मिळायची. उन्हात किती वेळ उभा होतास हे कुणी विचारत नव्हतं. मीठ किती वर आलं तेवढं बघायचे. बापाच्या पायांना मिठानं पडलेल्या भेगा दामाजीनं पाहिलेल्या होत्या, आणि तरी ते माप त्याला खरं वाटायचं. डोळ्यांना दिसतं त्याचे पैसे. मिठागर सुटलं, पण माप त्यानं सायकलीला लावलं.

एवढ्यावर थांबला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण करवंटी दाखवताना तो चार माणसांत मोठ्यानं म्हणायचा, "बघ, किती आळस निघाला!"

माणसं हसायची. ज्याची सायकल असेल तोही ओशाळून हसायचा.

शिवराम नावाचा कोर्टातला कारकून होता. त्याच्या सायकलीच्या सीटला टोपी, मडगार्डला पिवळं फडकं. त्याच्या सायकलीच्या मळानं करवंटीचा तळही झाकला जायचा नाही. दामाजी ती सगळ्यांना फिरवून दाखवायचा. "ह्याला म्हनतात सायकल ठेवनं." शिवरामभाऊ दहा रुपये देऊन ताठ मानेनं निघायचे.

आणि काठोकाठ भरायची ती मोरू कोळ्याची. मोरू चेंदणी कोळीवाड्यातला. खाडीतली मासळी आटत चालली होती, म्हणून बाहेरून आलेली मासळी स्टेशनावर उतरवून घ्यायचा आणि टोपली कॅरिअरला बांधून चाळी-कॉलन्यांतून फिरायचा. स्वभावानं मुका म्हणावा इतका शांत. "आळस निघाला" म्हटलं की तो खाली बघायचा, बावीस रुपये मोजायचा आणि जायचा.

सत्त्याऐंशी साली पलीकडच्या कोपऱ्यावर जगन नावाच्या पोरगेल्या माणसानं दुकान टाकलं. दारावर पाटी रंगवली, ओव्हरऑईल पंधरा रुपये. सगळ्यांना सारखे. विचारायचं काम नाही. शिवरामभाऊंनी पाटी वाचली आणि दामाजीकडेच आले, जगनकडे त्यांना पाच रुपये जास्त पडत होते. कोळीवाड्यातले मात्र थांबून पाटीकडे बघायला लागले. दामाजीची निम्मी गिऱ्हाइकं त्या वाड्यातली.

जगनचं काम वाईट नव्हतं. पण पाटी सारखी म्हणून तो हातही सगळ्यांवर सारखाच फिरवायचा. शिवरामच्या सायकलीला जेवढा, तेवढाच मोरूच्या. मोरूनं एकदा त्याच्याकडून करून घेतली, आणि गणपती उठायच्या आत त्याचं चाक पुन्हा करकरायला लागलं. मग स्वस्त कोण आणि महाग कोण? मी बाकड्यावर बसून हा हिशोब पुष्कळदा घातला, मला तो कधी पुरता सुटला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मोरू पुन्हा दामाजीकडे आला. त्या दिवशी त्याच्या मागून त्याची बायको आवडाबाईही आली. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला खोचलेला पदर. दामाजीनं करवंटी भरली, वर धरली.

"बघ मोरू, किती आळस..."

"थांब दादा," आवडाबाई म्हणाली. "कोनाचा आळस?"

"सायकल ज्याची त्याचा."

"ह्यो मानूस पहाटे उठतो, सांजेला घरी येतो. जेवताना झोपतो. तुला आळशी दिसतो काय?"

"मी मानसाला नाय बोललो, आवडाबाय. सायकलीला बोललो."

"सायकल काय स्वताहून चिखलात लोलते? बोललास त्यालाच. चार जनांत बोललास. तो कोर्टवाला पगार खातो नि दहा देतो, आमी बावीस देतो, नि वर शिव्या पन आमालाच!"

बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "अगं मावशी, मग जगनकडं जा ना. पंधराची पाटी हाय."

"जाईन! सगला वाडा घेऊन जाईन. पन आदी ह्याच्या तोंडून ऐकून जाईन."

दामाजी गोणपाटावरून उठला नाही. "मल निघाला तो मी घरून आनलेला नाय. पुसत असता तर निघाला नसता. माजी सायकल बघ."

त्याची स्वतःची सायकल झाडाला टेकलेली असायची. काळी, चकचकीत. माणूस म्हाताऱ्या बैलाला जपतो तसा दामाजी तिला जपायचा. आवडाबाई तिच्याकडे चालत गेली, सीटवर हात ठेवला.

"ही दे मोरूला. शिमग्यापर्यंत ही मासली वाहील. आमची ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तुज्यासारखी रोज पुसू. मंग शिमग्याला हितंच उघड, सगल्यांसमोर."

सगळे दामाजीकडे बघायला लागले. त्याच्या कपाळावर रॉकेलचा डाग होता, तो त्यानं मनगटानं आणखी पसरवला. नाही म्हणायची सोय नव्हती. जन्मभर तो जे म्हणत आला होता, तेच ती बाई त्याला सांगत होती.

"आदी उघडू, मंग बोलू," तो म्हणाला. आणि आपल्या सायकलीची किल्ली मोरूच्या हातात दिली.

तो हिवाळा कोपरीत याच गोष्टीचा झाला. चहाच्या टपरीवर पैजा लागल्या. शिवरामभाऊंनी दामाजीच्या बाजूनं लावली. दामाजीला मात्र चैन नव्हती. दिवे लागणीला दुकान आवरलं की तो चेंदणीच्या बाजूला फिरायला जायचा. एकदा मीही सोबत होतो. कोळीवाड्याच्या तोंडाशी तो थांबला. ओट्यासमोर मोरू उकिडवा बसून सायकल पुसत होता. आधी कोरडं फडकं, मग रॉकेलचं, मग चेनचा एकेक दुवा. दामाजी स्वतः पुसायचा तसंच. शेजारी आवडाबाई टोपली धूत होती. टोपलीच्या बुडातून अजून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"बर्फात मीठ घालतात काय रे?" दामाजीनं मला हळूच विचारलं.

"घालतात. मासळी जास्त गार राहावी म्हणून."

तो पुढे गेला नाही. तिथूनच वळला. 

शिमग्याच्या दिवशी सकाळी मोरूनं सायकल आणली. वरून ती चकचकीतच होती. शिवरामभाऊ म्हणाले, "वा दामाजी! जिंकलास." माणसं जमली. जगनसुद्धा दुकान सोडून आपल्या पाटीखाली येऊन उभा राहिला. आवडाबाईनं माशांची पाटी खाली ठेवली आणि कंबरेवर हात घेतले.

दामाजीनं मागचं चाक काढलं. नट निघेना. त्यानं रॉकेल सोडलं, थोडा थांबला, पुन्हा जोर लावला. हब उघडला आणि आतून तांबूस चिखल आला. गंजाचा, मिठाचा, खवल्यांचा. छर्रे काढताना दोन फुटलेले निघाले. चमचा फिरत राहिला. करवंटी निम्मी झाली, मग काठाला आली, मग थोडं गोणपाटावर सांडलं. कुणी हसलं नाही.

त्यानं करवंटी वर धरली. सवयीनं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

"बोल ना, दादा," आवडाबाई म्हणाली. "आता कोनाचा आळस?"

दामाजीनं करवंटीत बघितलं. मग नाकाशी नेली, वास घेतला. "हा मिठागराचा वास हाय," तो म्हणाला. "माज्या बापाच्या पायांना यायचा." आणि मोरूकडे वळून, "मी चुकलो, मोरूभाऊ. ह्यो आळस नाय. ह्यो तुजा धंदा हाय."

मोरूनं नुसती मान हलवली. त्याचे कान लाल झाले होते.

शिवरामभाऊ म्हणाले, "म्हणजे आता सगळ्यांना सारखे का? जगनसारखी पाटी लावणार?"

उत्तर आवडाबाईनं दिलं. "कशाला सारखे? हात ह्याचे दुखले ते दुखलेच की. दुप्पट काम केलं तर दुप्पट पैसे घ्यावेत." तिनं कनवटीच्या पिशवीतून बावीस रुपये, दोन दहाच्या नि दोन एकच्या नोटा, काढून गोणपाटावर ठेवले. "मला पैशाचं नवतं, बोलन्याचं होतं. आता घे."

"सायकल माजी हाय!" दामाजी ओरडला. "माज्याच सायकलीचे पैसे तू देतेस?"

"चालवली कोनी?"

तेव्हा हशा पिकला. दामाजीही हसला, पण नोटांना हात लावीना. ती उचलीना. शेवटी त्यानं बशीतल्या रॉकेलनं हात पुसले, दोन नोटा उचलल्या, उरलेल्या तिच्या पाटीत माशांवर ठेवल्या. वीस घेतले की दोन, हे गर्दीत मला दिसलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हाही त्यानं सांगितलं नाही.

टपरीच्या मागून त्यानं मोरूची सायकल बाहेर काढली. हिवाळाभर ती तिथं होती. ती त्यानं कधीच खोलून, साफ करून, ग्रीस भरून ठेवली होती, आणि कॅरिअरखाली जुन्या टायरच्या रबराचा एक पन्हळ बांधला होता, टोपलीचं पाणी हबवर न पडता बाजूला जावं म्हणून. मोरू हात पुढे करून सायकल घ्यायला आला.

"ऱ्हाऊ दे. मी पोचवतो," दामाजी म्हणाला.

गिऱ्हाइकाची सायकल घरी नेऊन देणं त्यानं कधी केलेलं नव्हतं. भर कामाच्या वेळी टपरी उघडी टाकणंही नाही. एका हातानं सायकल ढकलत, दुसऱ्या हातात ती भरलेली करवंटी सांभाळत तो चेंदणीच्या वाटेला लागला. कुणी विचारेल त्याला ती दाखवणार होता की खाडीत ओतणार होता, कोण जाणे. होळीची लाकडं रचणाऱ्या पोरांनी त्याला वाट दिली. जगन पाटीखालून बघत होता, शिवरामभाऊ बघत होते. मोरू खोललेल्या चाकापाशी बसून छर्रे राखत होता. आणि आवडाबाई कंबरेवरचे हात न काढता उभी होती, तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत. मग तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि हाळी दिली, "बोंबील घ्या, ताजे बोंबील!"